हृदयांतील जाळी

माझ्या सदऱ्याच्या खिशांत गेलीं तीन वर्षें एक लहानसें कार्ड असतें. त्यावर माझें नांव, एक तारीख आणि दोन आंकडे आहेत : ३ मिलिमीटर व १८ मिलिमीटर. माझ्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या एका रोहिणींत धातूची जी जाळी बसविलेली आहे, तिची रुंदी व लांबी हे आंकडे सांगतात. असें कार्ड बाळगणारा एखादा गृहस्थ आपल्यापैकीं बहुतेकांच्या नात्यांत किंवा शेजारांत निघेल. त्याच्याविषयीं बोलतांना आपण सहज म्हणतों, "त्यांना दोन स्प्रिंगा टाकल्या आहेत." डॉक्टर तिला स्टेंट म्हणतात. आज बसवितात ती स्प्रिंग नव्हे. पण लोकांच्या तोंडचा हा शब्द अगदींच निराधार नाहीं, हें पुढें दिसून येईल.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन मराठी शाळेंत शिरलों आणि अंकगणित व सामान्य विज्ञान शिकवून निवृत्त झालों. परंतु एका रात्रीं छाती दाटून आली, डावा हात जड झाला, आणि पहांटेपर्यंत ही परकी वस्तु शरीरांत कायमची मुक्कामाला आली. घरांत नवा भाडेकरू आला तरी आपण त्याची चौकशी करतों. मग हा तर हृदयांत राहावयास आलेला. त्या चौकशींत जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें मांडीत आहें.

हृदय हा मुठीएवढा स्नायु. दिवसांतून सुमारें एक लाख वेळां तो आकुंचन पावतो आणि स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या शरीरांतहि मिनिटाला पांचएक लिटर रक्त फिरवितो. गंमत अशी कीं, पोकळींत एवढें रक्त भरलेलें असूनहि त्या स्नायूला त्यांतून आपली भूक भागवितां येत नाहीं. खजिन्यांतला कारकून दिवसभर लाखांच्या नोटा मोजतो, पण त्याचें घर चालतें तें त्याच्या पगारावर. हृदयाचा हा पगार महारोहिणीच्या मुळाशीं फुटणाऱ्या दोन रोहिणींतून येतो. त्यांची मुख्य शाखा तीन-चार मिलिमीटर रुंद, म्हणजे सरबताच्या बारीक नळीएवढी. तिच्या अस्तराखालीं वर्षानुवर्षें मेदाचा व चुन्याचा थर सांचत जातो आणि वाट अरुंद होते.

वाट किंचित् अरुंद झाली तर एवढें काय बिघडतें, असें कोणी विचारील. प्वाझय नांवाच्या एका फ्रेंच वैद्यानें एकोणिसाव्या शतकांत बारीक नळ्यांतून द्रव वाहवून एक नियम शोधून काढला. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा होत नाहीं, पावहि होत नाहीं. तो सोळावा हिस्सा उरतो. देहांत हिशेब इतका सरळ नसतो, कारण पुढच्या बारीक शाखा रुंदावून बरीच भरपाई करतात. म्हणूनच रोहिणी अर्धी बुजली तरी मनुष्याला पत्ता नसतो. सुमारें सत्तर टक्के बुजली म्हणजे जिना चढतांना छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखें वाटूं लागतें.

आतां ही वाट मोकळी करावयाची तर प्रथम तेथवर पोंचलें पाहिजे. जिवंत माणसाच्या हृदयाला आंतून स्पर्श केला तर तें बंद पडेल, अशी धास्ती फार काळ होती. ती मोडली जर्मनींतील एबर्सवाल्ड गांवच्या एका तरुण डॉक्टरनें. वेर्नर फोर्समान हें त्याचें नांव, साल १९२९, वय अजून पंचविशीच्या आंत. वरिष्ठानें प्रयोगाला साफ नकार दिला होता. उपकरणांच्या कपाटाची किल्ली होती एका परिचारिकेजवळ. फोर्समाननें तिचें मन वळविलें. इतकें कीं, प्रयोग माझ्यावरच करा, असें ती म्हणाली. त्यानें तिला टेबलावर निजवून पट्ट्यांनीं बांधलें, आणि तिचें लक्ष नाहींसें पाहून स्वतःच्याच कोंपरापाशीं शीर उघडून तींत मूत्रमार्गाची लांब रबरी नळी सरकविली. मग त्या परिचारिकेला मोकळी करून, हातांत नळी तशीच ठेवून, तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलींत गेला. नळीचें टोंक हृदयाच्या उजव्या कप्प्यांत पोंचलेलें चित्रांत स्पष्ट दिसलें. याचें फळ काय? शाबासकीऐवजीं उपहास! बिचारा पुढें मूत्ररोगांचा डॉक्टर होऊन खेडेगांवांत राहिला. १९५६ सालीं त्याला दोघां अमेरिकन संशोधकांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. मुलांना मीं वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळण्याचे धडे पुष्कळ दिले. ही गोष्ट मात्र मला त्या धड्यांत कोठें बसवितां आली नसती.

यापुढचें पाऊल पायाच्या रोहिणींत पडलें. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं चार्ल्स डॉटर नांवाचे क्ष-किरणतज्ज्ञ होते. १९६४ च्या जानेवारींत त्यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या पायाचीं बोटें सडूं लागलीं होतीं, आणि पाय कापूं देण्यास ती तयार नव्हती. डॉटरांनीं तिच्या मांडींतील अरुंद रोहिणींतून एकापेक्षां एक जाड नळ्या सरकवून वाट मोकळी केली. पाय वांचला, आणि बाई शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनीं चालली. वाट पुन्हां मिटूं नये म्हणून १९६९ सालीं डॉटरांनीं कुत्र्यांच्या पायांतील रोहिणींत तारेचीं वेटोळीं बसवून पाहिलीं. आपल्या लोकांचा "स्प्रिंग" हा शब्द त्या वेटोळ्यांना मात्र तंतोतंत लागू पडतो.

नळीऐवजीं फुगा वापरण्याची युक्ति अँड्रियास ग्रुंट्झिग यांची. हे मूळचे ड्रेस्डेनचे, कामाला झुरिकच्या रुग्णालयांत. रबरी फुगा वाटेल तसा फुगतो. जेथें अडथळा तेथें तो दबतो आणि मोकळ्या जागीं फुगतो. यांना हवा होता ठराविक आकारापलीकडे न फुगणारा लांबट फुगा. तो त्यांनीं प्लास्टिकचा केला, आणि तोहि आपल्या घरच्या स्वयंपाकघरांतील मेजावर, पत्नी व दोन साहाय्यक यांच्या मदतीनें रात्रीं जागून. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या रोहिणींत तो फुगा त्यांनीं दोनदां फुगविला. रुग्ण पूर्ण जागा होता. छाती फाडली नाहीं, बरगड्या कापल्या नाहींत, आणि वाट मोकळी झाली. दहा वर्षांनीं त्याच रुग्णाची तपासणी केली तेव्हां ती मोकळीच होती.

सर्वांचेंच दैव असें बलवत्तर नव्हतें. फुगा काढून घेतला कीं ताणलेली भिंत कधीं तत्काळ मिटे, कधीं अस्तराची चीर सुटून वाट अडे. आणि जे पहिल्या दिवशीं निभावले त्यांतील शेंकडा तीस-चाळीसांची रोहिणी सहा महिन्यांत पुन्हां अरुंद होई. आंतून टेंकू देण्याची गरज उघड होती. पण १९८५ सालीं डॉटर वारले. त्याच वर्षीं ग्रुंट्झिग स्वतः चालवीत असलेलें विमान कोसळून वयाच्या ४६ व्या वर्षीं गेले. मनुष्याच्या हृदयांत टेंकू बसलेला पाहणें दोघांच्याहि नशिबीं नव्हतें. तें घडलें पुढच्याच वर्षीं. १९८६ च्या मार्चमध्यें फ्रान्समधील तुलूझ शहरीं झाक प्यूएल यांनीं, व त्यानंतर थोड्याच अवधींत स्वित्झर्लंडमधील लोझान येथें उलरिख झिगवार्ट यांनीं, आपोआप उलगडणारी विणलेली जाळी रुग्णांच्या रोहिणींत ठेविली.

या टेंकूचें नांव आलें कोठून, हें भाषाशिक्षकाला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चार्ल्स स्टेंट नांवाचे लंडनचे एक दंतवैद्य एकोणिसाव्या शतकांत होऊन गेले. दांतांचा साचा घेण्यासाठीं त्यांनीं एक चांगलें मिश्रण तयार केलें. पहिल्या महायुद्धांत एका डच शस्त्रवैद्यानें तेंच मिश्रण जखमेवर लावलेली त्वचा जागीं धरून ठेवण्यास वापरलें. तेव्हांपासून जें जें एखाद्या भागाला जागच्या जागीं धरून ठेवतें तें तें स्टेंट. दांत पाडणाऱ्याचें नांव असें हृदयापर्यंत येऊन पोंचलें!

आज सर्वत्र वापरतात त्या जाळीचा घाट मात्र हुलिओ पाल्माझ या आर्जेंटिनांतून अमेरिकेंत आलेल्या डॉक्टरांचा. १९७८ सालीं त्यांनीं ग्रुंट्झिग यांचें व्याख्यान ऐकलें आणि टेंकूची कल्पना त्यांच्या डोक्यांत बसली. पण तो करावा कसा? एके दिवशीं घरच्या गॅरेजमध्यें गवंड्यानें टाकून दिलेला लोखंडी जाळीचा तुकडा त्यांना दिसला. भिंतीवर गिलावा धरावा म्हणून जी जाळी ठोकतात, तीच. पत्र्याला आडव्या चिरा पाडून तो ताणला कीं चिरांचे शंकरपाळे होतात आणि पत्रा तसाच ताणलेला राहतो. पाल्माझ यांनीं पोलादी नळीला अशाच चिरा दिल्या. नळी फुग्यावर घट्ट बसवावयाची. आंत नेऊन फुगा फुगविला कीं चिरा उघडतात. फुगा मिटवून परत घेतला तरी जाळी उघडीच राहते. फुग्यांतला दाब दहा ते सोळा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकांतील हवेच्या पांच-सात पट असतो. पैसा पुरविला एका उपाहारगृहाच्या मालकानें, आणि हृदयाचें काम करण्यास रिचर्ड शाट्झ हे हृदयरोगतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. १९९४ सालीं युरोप व अमेरिकेंतील दोन मोठ्या चांचण्यांत ही जाळी नुसत्या फुग्यापेक्षां सरस ठरली, आणि तिचा प्रसार झपाट्यानें झाला.

तथापि शरीर हें स्वाभिमानी यजमान आहे. परक्याला तें सहजासहजीं सामावून घेत नाहीं. जाळीमुळें भिंतीला जी इजा होते ती भरून काढण्याच्या उत्साहांत तेथील पेशी इतक्या वाढतात कीं, जखमेवर वण चढावा तसा आंतून वण चढतो व जाळीच्या आंतच वाट पुन्हां अडते. यावरचा उपाय जेथून आला ती हकीकत मला सर्वांत अद्भुत वाटते. प्रशांत महासागरांत ईस्टर नांवाचें एक एकाकी बेट आहे. तेथील लोक त्याला रापा नुई म्हणतात. १९६४ सालीं कॅनडाची एक वैद्यकीय तुकडी तेथें गेली, व तिनें तेथील मातीचे नमुने आणले. त्या मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेंत एक औषध मिळालें. बेटाच्या नांवावरून त्याला रापामायसिन म्हणूं लागले. हें काम करणाऱ्यांतील प्रमुख होते सुरेंद्रनाथ सहगल, बनारस हिंदू विद्यापीठांत औषधशास्त्र शिकलेले. बुरशीवरचें औषध म्हणून ज्याचा शोध लागला, तें पेशींची वाढ रोखतें असें त्यांच्या ध्यानांत आलें. पुढें कंपनीनें ती प्रयोगशाळाच बंद केली. सहगलांनीं त्या जंतूचें बीं घरच्या फ्रीझरमध्यें जपून ठेवलें, आणि अमेरिकेंत बदली झाली तेव्हां तें आपल्याबरोबर नेलें. आपल्याकडील गृहिणी विरजण मोडूं देत नाहींत, तशीच ही गोष्ट! १९९९ सालीं मूत्रपिंडाचें आरोपण झालेल्यांसाठीं तें औषध मान्य झालें. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्राझीलमधील साओ पावलो येथें एदुआर्दो सोझा यांनीं या औषधाचा लेप दिलेली जाळी प्रथम रुग्णाच्या हृदयांत बसविली. लेपांतून औषध कांहीं आठवडे झिरपतें व वण चढूं देत नाहीं. २००२ व २००३ सालीं युरोप आणि अमेरिकेंत या जाळीला परवानगी मिळाली.

पण जें औषध वण चढूं देत नाहीं, तेंच जाळीवर नवें अस्तरहि लवकर चढूं देत नाहीं. उघड्या धातूवर रक्त गोठतें. २००६ सालीं बार्सिलोनाच्या परिषदेंत, वर्षा-दोन वर्षांनींहि अशा जाळींत अचानक गांठ होते अशी माहिती पुढें आली आणि खळबळ उडाली. तेव्हांपासून जाळीच्या तारा बारीक झाल्या : पूर्वीं एका तारेची जाडी १४० मायक्रॉन असे, ती ८० च्या आसपास व त्याहूनहि खालीं आली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धातु बदलला, लेप सौम्य झाले, धोका पुष्कळ घटला. तरी ॲस्पिरिन व तिच्या जोडीची दुसरी गोळी ठराविक महिने घ्यावीच लागते.

येथें मला थोडें थांबलें पाहिजे. आमच्या आळींतील एका गृहस्थांना जाळी बसून चारच महिने झाले होते. दाढ दुखूं लागली. दाढ काढणाऱ्यानें रक्त फार जाईल म्हणून दोन्ही गोळ्या बंद करावयास सांगितल्या, व यांनींहि हृदयाच्या डॉक्टरांना न विचारतां त्या बंद केल्या. सहाव्या दिवशीं जाळींत गांठ झाली. ते वांचले, पण हृदयाचा जो भाग मेला तो परत आला नाहीं, आणि आतां पहिला मजला चढतांना ते दोनदां टेंकतात. दाढेला थांबवितां आलें असतें, किंवा गोळी चालू ठेवून रक्त थांबविण्याची तजवीज करतां आली असती. एका फोनचें काम होतें. आपल्या घरांत कोणाच्या खिशांत असलें कार्ड असेल, तर तें दांत काढतांनाहि दाखवीत जा, एवढें मी मुद्दाम सांगतों.

किंमतीची गोष्ट थोडक्यांत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम व हैदराबादचे डॉ. सोमा राजू यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस स्वस्त देशी जाळी तयार केली होती. तरी बाजारांत औषधी जाळीची छापील किंमत सरासरीनें सव्वा लाख रुपयांच्या घरांत जाऊन पोंचली. फेब्रुवारी २०१७ मध्यें केंद्र सरकारच्या औषध-किंमत प्राधिकरणानें साध्या जाळीला ७,२६० रुपये व औषधी जाळीला २९,६०० रुपये अशी कमाल मर्यादा घातली. ती पुढें घाऊक भावांच्या निर्देशांकाप्रमाणें बदलत आली आहे. आज सुरत व वापी येथील कारखान्यांतून जाळ्या परदेशींहि जातात. शस्त्रक्रियेचा व खोलीचा खर्च मात्र या मर्यादेंत येत नाहीं, हें बिल हातीं आलेल्यांना ठाऊक आहेच.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न. अडथळा दिसला कीं जाळी बसविलीच पाहिजे काय? माझ्यासारखा झटका आलेला असतांना उत्तर सरळ आहे. गांठीनें वाट पुरती बंद झालेली असते, पलीकडचा स्नायु मिनिटामिनिटाला मरत असतो, आणि रुग्णालयांत पोंचल्यापासून दीड तासाच्या आंत ती वाट उघडली तर जीव व स्नायु दोन्ही वांचतात. तेथें घरांत बसून आल्याचा रस घेत वेळ दवडूं नये.

परंतु माझ्या मेव्हण्यांची गोष्ट निराळी. त्यांना चढ चढतांना छातींत दुखे. बसलें कीं थांबे. तपासणींत एक अडथळा निघाला. डॉक्टरांनीं आधीं औषधें, चालणें व तंबाखू बंद, असा उपाय सुचविला. घरचीं माणसें रागावलीं : पैशासाठीं टाळतां कीं काय, उद्यां झटका आला तर? त्यांचें भय मला समजतें. पण झटका बहुधा सर्वांत अरुंद जागींच येतो, ही आपली समजूत चुकीची आहे. पुष्कळदां तो अर्ध्याहि न बुजलेल्या जागीं, मऊ थर अचानक फुटून त्यावर रक्त गोठल्यानें येतो. जाळी एका जागीं असते. रोग मात्र सर्व रोहिणींभर पसरलेला असतो. अनेक देशांतील पांच हजारांवर रुग्णांवर झालेल्या एका चांचणीचे निष्कर्ष २०१९ सालीं जाहीर झाले. अशा स्थिर दुखण्यांत प्रथमच जाळी बसविल्यानें, चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेनें, मृत्यु किंवा झटके कमी होतात असें तींत दिसलें नाहीं. लंडनमध्यें तर २०१७ सालीं विलक्षण प्रयोग झाला : दोनशें रुग्णांपैकीं निम्म्यांना खरी जाळी बसविली, निम्म्यांवर नुसता बहाणा केला, आणि कोणाला काय झालें तें रुग्णांपासून लपवून ठेवलें. सहा आठवड्यांनीं दोन्ही गटांच्या चालण्याच्या शक्तींत लक्षणीय फरक नव्हता. मात्र हे रुग्ण भरपूर औषधें घेत होते. २०२३ सालीं त्याच मंडळींनीं दुखण्यावरचीं औषधें बंद ठेवून पुन्हां पाहिलें, तेव्हां जाळीनें छातीचें दुखणें खरोखर कमी झालें. म्हणजे दुखणें न हटणाऱ्याला जाळी आराम देते. आयुष्याची हमी म्हणून ती घेऊं नये. मुख्य डाव्या रोहिणीचा अडथळा, किंवा दुबळें झालेलें हृदय, यांचे नियम वेगळे. मेव्हण्यांनीं औषधें घेतलीं, मिश्री सोडली. दीड वर्ष झालें, ते रोज सकाळीं तळ्यापर्यंत जाऊन येतात. उद्यां दुखणें वाढलें तर जाळीचा मार्ग मोकळाच आहे.

पुढें काय येणार? काम झाल्यावर विरघळून जाणारी जाळी, हें संशोधकांचें जुनें स्वप्न. मोडलेलें हाड सांधल्यावर आपण प्लॅस्टर काढतोंच कीं. अमेरिकेंत २०१६ सालीं अशा एका विरघळणाऱ्या जाळीला परवानगी मिळाली. परंतु तिच्या तारा जाड होत्या, तींत गांठी अधिक होतात असें आढळलें, आणि दुसऱ्याच वर्षीं तिची विक्री थांबली. आतां मॅग्नेशियम धातूच्या विरघळणाऱ्या जाळ्यांवर काम चालू आहे. दुसरी वाट म्हणजे जाळी न ठेवतां फुग्यानेंच भिंतीला औषध चोपडून यावयाचें. जुन्या जाळींत पुन्हां झालेल्या अडथळ्यासाठीं असा फुगा अमेरिकेंत २०२४ सालीं मान्य झाला, युरोपांत तो त्यापूर्वींपासून आहे. चुन्यानें दगडासारख्या झालेल्या भिंतीला आंतून ध्वनिलहरींचे धक्के देऊन तडे पाडण्याची रीतहि आली आहे. ती मुतखड्याच्या उपचारावरून उचललेली. आणि रोहिणींत उतरून भिंतीचें चित्र काढणारा प्रकाश, किंवा अडथळ्याच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजणारी तार, यांमुळें जाळी कोठें हवी व कोठें नको हें डोळ्यांच्या अंदाजावर सोडावें लागत नाहीं. मला स्वतःला नव्या धातूंपेक्षां या मोजमापांचें महत्त्व अधिक वाटतें. कदाचित् तो गणित-शिक्षकाचा पक्षपात असेल.

परवां नातवानें माझें कार्ड पाहून विचारलें, "आजोबा, ही जाळी काढायची कधीं?" मीं त्याला सांगितलें कीं, माझी आतां निघणार नाहीं, तिच्यावर माझेंच अस्तर चढलें आहे. मग त्यानें पट्टी आणून तिच्यावर अठरा मिलिमीटर मोजले, आणि एवढीशीच का, म्हणून खेळायला निघून गेला.